शीग लावलेली बॅग

बॅग लिटरमध्ये मोजतात हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. दूध लिटरमध्ये, पेट्रोल लिटरमध्ये, पण पाठीवर अडकवायची कापडी बॅग? नवरा मोबाइल माझ्या नाकासमोर धरून विचारत होता, "अवं, पस्तीस लिटरची घ्याव का चाळीसची?" मी वरणाला फोडणी देत होते. म्हटलं, "कायले, पाणी भरून नेता का तिच्यात?" एरवी अशा बोलण्यावर तो खळखळून हसतो. त्या दिवशी हसला नाही. मोबाइल घेऊन अंगणात गेला आणि तोच व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघत बसला.

तोंडावर मी त्याला ‘तुमी’ म्हणते. इथे ‘तो’ लिहिते आहे. लिहिताना तरी बरोबरीनं बसावं म्हणते.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात राहतो. मी शाळेत शिकवते, सासरे धानाची शेती बघतात आणि नवरा घुग्घुसच्या एका कारखान्यात फिटर होता. तिथेच खोली करून राहायचा आणि आठवडी सुट्टीला मोटरसायकलनं घरी यायचा. भुवया सिमेंटनं पांढऱ्या, हँडलला कापडी पिशवी, पिशवीत मळके कपडे. वर्षानुवर्षं त्याचं सामान एवढंच. ती पिशवी मी धुवायची, तो पुन्हा हँडलला अडकवायचा, आणि आमचा संसार असा त्या पिशवीतून ये-जा करायचा. मग त्याच्या ठेकेदाराचं तिथलं काम संपलं. बरेच दिवस घरी बसून काढल्यावर त्याला तिकडे कच्छात एका कारखान्यात काम मिळालं. नागपूरहून अहमदाबादपर्यंत विमान, पुढे बस.

"दर महिन्याले येईन," तो म्हणाला. बेतही सांगितला. मोटरसायकल नागपुरात माझ्या बहिणीकडे ठेवायची. विमानातून उतरलं की ती उचलायची आणि उमरेड, नागभीड, सिंदेवाही, मूल करत दिवसाउजेडी घर गाठायचं. म्हणून बॅग अशी हवी की मोटरसायकलवर पाठीला बसेल आणि विमानात डोक्यावरच्या कप्प्यातही मावेल. विमानाच्या पोटात टाकलेली बॅग पट्ट्यावरून येईपर्यंत उशीर होतो, आणि सिंदेवाहीच्या पुढचं जंगल अंधार पडायच्या आत ओलांडलेलं बरं. सगळं पटण्यासारखं होतं.

माझ्या मनात मात्र निराळंच होतं. आमच्या गावातून कामाला बाहेर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. जो पिशवी घेऊन गेला तो पोळ्याला आला, धानाच्या रोवणीला आला, कोणाच्या बारशालाही आला. जो चाकाची मोठी सुटकेस घेऊन गेला तो दिवाळीला आला, आणि पुढे दिवाळीलाही पाहुण्यासारखा. आल्यावर ‘पाणी कुठे ठेवता?’ असं स्वतःच्याच घरात विचारणारा माणूस मला नको होता. म्हणून बॅग लहान हवी, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. लहान बॅगेत महिन्यापेक्षा जास्त मावत नाही. माणसाला मग परत यावंच लागतं.

पण लहान म्हणजे केवढी? इथून गोंधळ सुरू झाला. एका विमानकंपनीची लांबी-रुंदी वेगळी, दुसरीची वेगळी. वजन सात किलो, पण त्या सातात बॅगेचं स्वतःचं वजन धरायचं की नाही यावर व्हिडिओतल्या दोन माणसांची जुंपलेली. मोटरसायकलसाठी म्हणून ज्या बॅगा दाखवत, त्यांना पाठीला टणक कवच, छातीवर पट्टा, कमरेला पट्टा, हेल्मेट अडकवायला जाळी. ती बॅग रिकामीच एवढी जड की सातातले दोन किलो तिनंच खाल्ले. नाकापेक्षा मोती जड. विमानासाठी म्हणून ज्या दाखवत, त्या हलक्या, पण त्यांचे बंद बारीक, आणि आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत त्या पहिल्याच महिन्यात राम म्हणतील. दोन्हींसाठी म्हणून एक होती. तिचे कप्पे मोजता मोजता मी थकले. एक ना धड, भाराभर चिंध्या. मी शाळेत मुलांना क्षेत्रफळ आणि घनफळ शिकवते, पण त्या आठवड्यात मला कोणी घनफळ विचारलं असतं तर मी फळा सोडून पळाले असते.

त्याहून न कळणारी गोष्ट म्हणजे नवरा. एका दिवशी म्हणे लहानच बरी. दुसऱ्या दिवशी म्हणे थोडी मोठी असली तर बिघडते का. मी विचारलं, "पह्यल्यांदा कोणत्या शनिवारी येता?" तर म्हणाला, "हे पाय, याले रेनकव्हर बी हाये." मला वाटलं, ऐकलं नाही त्यानं.

शेवटी आम्ही चंद्रपूरला दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा होता. त्यानं भिंतीवरच्या बॅगा काठीनं काढून काउंटरवर रचल्या. नवऱ्यानं हेल्मेट घातलं, बॅग पाठीला लावली, आरशात पाहिलं आणि मान मागे-पुढे केली. हेल्मेट बॅगेच्या टोकाला टेकतं का ते बघायचं असतं म्हणे, व्हिडिओत सांगितलं होतं. दुकानातली गिऱ्हाइकं हेल्मेट घातलेल्या माणसाकडे आ वासून पाहत होती. मी म्हटलं, "गाडीवर बसून पाहू ना." मग आम्ही तसेच बाहेर गेलो. तो गाडीवर बसला, मी मागे बसायला गेले, आणि बसताच येईना. माझ्या नाकाला त्याची बॅग, आणि माझी बैठक टपावरच्या सामानासारखी अर्धी बाहेर.

दुकानदार पायरीवरून म्हणाला, "मॅडम, ह्या बॅगा एकट्या माणसासाठी असते."

मी म्हटलं, "भाऊ, आमच्या इकडे गाडीवर एकटं कोण बसते?"

खरंच सांगते, कोण बसतं? आमच्या रस्त्यावर मागची सीट रिकामी घेऊन जाणारा माणूस एक तर नवखा असतो नाही तर भांडकुदळ. वळणावर कोणी हात दाखवला की थांबायचं, हा नियम कुठे लिहिलेला नाही. दिवसातून एखादी बस, मधे वाघाचं रान, मग मोटरसायकल ही काय एका माणसाची वस्तू असते? आणि मागे बसलेल्यानं सामान धरायचं, हाही नियमच. पोतं असो, कोंबडी असो, खताची बादली असो. त्या व्हिडिओतल्या कातडी जाकिटवाल्या माणसांच्या मागे मला कधी कोणी बसलेलं दिसलं नाही. त्यांना रस्त्यात कोणी हात दाखवत नसेल.

मग बॅग माझ्या पाठीला लावून पाहायचं ठरलं. मागे बसणार मी, तर ओझंही माझंच. त्यानं माझ्या खांद्यावरचे पट्टे ओढून बसते केले, छातीवरचा चाप लावला. दुकानदार म्हणाला, "आता बरोबर." म्हणजे जी बॅग नवरा विमानातून नेणार, तिचं माप माझ्या पाठीवर घेतलं गेलं. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं. एक काळी, एक निळी अशा दोन बॅगा जवळजवळ सारख्याच होत्या. दुकानदार म्हणाला, "दोनी घेऊन जा, घरी पाहा, एक वापस आणून द्या." दोन्ही घेऊन आम्ही घरी आलो. निळी माझ्या पाठीवर होती आणि काळी आम्हा दोघांच्या मधे दाबलेली.

घरी सासरे ओसरीवर बसले होते. मी त्यांना मामाजी म्हणते. सासूबाई गेल्यापासून ते बोलतात कमी, पण घरात आलेल्या नव्या वस्तूची परीक्षा घेतल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू देत नाहीत. त्यांनी विचारलं, "कोणती मोठी हाये?"

"तेच तर समजून नाई राह्यलं," नवरा म्हणाला. "दोनीवर चाळीस लिटर लिहून हाये. पण ही मोठी दिसते."

"लिहिलेल्याचं काय सांगते? मापून पाय ना."

आणि मामाजी आत जाऊन पायली घेऊन आले. आमच्या घरची पायली लाकडी आहे, काठाला पितळेची पट्टी, आतून हातानं गुळगुळीत झालेली. धान मोजायचं ते तिनंच. त्यांनी कोठीतून धान काढायला लावलं आणि काळी बॅग उघडी करून नवऱ्याच्या हातात दिली. पहिलं माप ओतताना ते ‘एक’ म्हणाले नाहीत, ‘लाभ’ म्हणाले. पहिल्या मापाला आकडा लावत नाहीत. कच्छला जाणाऱ्या बॅगेतही तो लावला नाही, याचं मला बरं वाटलं.

दोन बॅगांची अशी अंगणात परीक्षा झाली. दर पायलीनंतर मामाजी बॅगेला दोन बुक्के घालत, उचलून आपटत, धान बसवत. पायली भरतानाही त्यांचा हात कंजूष नाही. काठापर्यंत सपाट माप आमच्याकडे देत नाहीत, त्याला माप म्हणतच नाहीत. वर डोंगर आला पाहिजे, दाणे चहूकडून ओघळले पाहिजेत. ती शीग. शिगेशिवाय धान मिळालं तर घेणारा रुसतो आणि दिलं तर देणाऱ्याची लाज जाते. काळ्या बॅगेनं शेवटच्या पायलीला नाही म्हटलं. निळीनं ती घेतली, आणि वर शीगही घेतली. चेन बंद झाली तेव्हा बॅग फुगून टम्म झाली होती, पण झाली बंद.

"हीच घे," मामाजी म्हणाले. "शीग सोसते."

विमानतळावर बॅग मोजायला जो सांगाडा ठेवतात त्याला शीग माहीत नसते, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. व्हिडिओत लांबी-रुंदी सांगितली होती, पण ती रिकाम्या बॅगेची. बॅगेला पोट सुटतं हे कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही तिघांनी मिळून सगळ्यात जास्त पोट सुटणारी बॅग निवडली आणि खूश झालो. काळी झटकून, पुसून नवऱ्यानं परत नेली. दुकानदारानं आतल्या कप्प्यात हात घातला, धानाचे दाणे काढले आणि विचारलं, "शेती केली का हो याच्यात?"

भरायला मी बसले. दोन पँट, चार शर्ट, टॉवेल, जवसाची चटणी कोरडी करून, लाखोळीची डाळ मामाजींनी स्वतःच्या हातानं बांधून दिलेली. मी मुद्दाम कमी भरत होते. शर्ट चारच का, तर महिन्याला पुरतात. नवरा म्हणाला, "तू ऱ्हाऊ दे, बाकीचं मी भरतो." मी म्हटलं, "बाकीचं काय ऱ्हाइलं?" तो म्हणाला, "दाढीचं सामान." दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बॅग पुन्हा टम्म. दाढीचं सामान एवढं फुगतं का? माझ्या डोक्यात आलं, आणि गेलंही, कारण शाळेत चाचणी होती. त्याच दिवशी हिवाळ्याच्या कपड्यांच्या ट्रंकेचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. मी ते दाबून बसवलं. उंदीर असेल असं वाटलं.

निघालो तेव्हा पावसाळा भरात होता. बॅग माझ्या पाठीवर, वर पिवळं रेनकव्हर, आणि मी मागून नवऱ्याच्या कमरेला धरलेलं. मूलपासून पुढे दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्यांमध्ये बाया ओणव्या होऊन रोवणी करत होत्या. बॅग मला मागे ओढत होती. प्रत्येक चढावर मी त्याला अजून घट्ट धरायची आणि तो म्हणायचा, "पडशीन ना वं." पाठीमागून एक वास येत होता, ओळखीचा आणि तरी ओळखू न येणारा. नव्या बॅगेचा असेल म्हटलं. थोड्या वेळानं वाटलं डांबराच्या गोळ्यांचा आहे. मग पाऊस आला आणि वास गेला. रात्री बहिणीकडे राहिलो, सकाळी विमानतळावर आलो. बेत असा की तो आत गेला की मी गाडी बहिणीकडे नेऊन ठेवायची आणि बसनं घरी जायचं. गाडीची किल्ली त्यानं माझ्या हातात दिली. बॅग माझ्या पाठीवरून उतरवून स्वतःच्या पाठीला लावली. पट्टे माझ्या मापाचे होते, त्याच्या काखेत रुतत होते. मी म्हटलं, "ढिले करा." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, चालते."

तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. पण दर्शनी भागात मोठ्या काचा आहेत, आणि कपाळाला हात लावून पाहिलं तर आतलं काउंटर दिसतं. मी तशीच उभी राहिले. गणवेशातल्या मुलीनं त्याला बाजूच्या लोखंडी सांगाड्याकडे बोट दाखवलं. त्यानं बॅग वरून सोडली. बॅग अर्ध्यात अडकली. त्यानं दाबली. हातानं दाबली, मग कोपरानं, आणि मग मामाजींसारखे दोन बुक्के घातले. ती मुलगी मान हलवत होती. बाहेर उभ्या उभ्या मला हसू फुटलं. आता डाळ काढतात की चटणी, याची मी मनाशी पैज लावली.

तो बाजूला जाऊन जमिनीवर बसला आणि बॅग उघडली. टॉवेल काढला. डाळीची पुरचुंडी काढली. मग तळातून काहीतरी मरून रंगाचं ओढून काढलं आणि उभं राहून झटकलं.

माझंच विणलेलं स्वेटर. लांबूनही ओळखलं, कारण उजव्या बाहीला लोकर कमी पडली होती आणि अर्धी बाही वेगळ्या मरून रंगाची आहे. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं नाही, आणि ते स्वेटर अंगात घातलं. जुलै महिन्यात. मग बाकीचं सामान परत भरलं. बॅग सांगाड्यात सरळ उतरली. मुलीनं चिठ्ठी बांधली.

मी आधी स्वतःला समजावलं. विमानात थंडी असते म्हणतात. तेवढ्यात ट्रंकेचं झाकण आठवलं. मग पाठीवरचा वास आठवला. एक एक आठवत होतं आणि तरी बेरीज होत नव्हती. कच्छात थंडी कधी पडते? दिवाळीच्या पुढे. मग दर महिन्याला घरी येणारा माणूस जुलैत स्वेटर का नेतो? दसऱ्याला येईल तेव्हा नेईल. दिवाळीला येईल तेव्हा नेईल. ज्याला मधे यायचंच नाही, तोच आताच नेतो. बेरीज झाली. पूर्ण नागपूर रस्ता ते स्वेटर मीच पाठीवर वाहून आणलं होतं.

मी फोन लावला.

"काय जी, थंडी वाजून राह्यली का?"

तो गोल फिरला, मला शोधलं, काचेपलीकडे मी दिसले. कपाळावर घाम, गळ्यापर्यंत लोकर. त्यानं फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"सुट्टी नाई देत," शेवटी म्हणाला.

"कधीपर्यंत?"

"पह्यले सहा महिने. त्यायनं तवाच सांगतलं होतं."

"तवाच म्हणजे? बॅगीच्या आधी?"

"हाव."

मी विचारलं, "मंग ही बॅग काऊन घेतली? ते व्हिडिओ, चंद्रपूरच्या चकरा, मामाजीची पायली... हे सारं कायले केलं?"

"सांगाचंच होतं ना वं तुले." त्याचा आवाज बारीक झाला. "रोज म्हणो आज सांगतो. पण बॅग पाहाले बसलो का मलेच वाटे, मी येईनच. लहान बॅग हाये, विमानात मावते, गाडीवर बसते, मंग काऊन नाई येनार? पाहता पाहता खरंच वाटाले लागलं."

म्हणजे ज्या प्रवासाला परवानगीच नव्हती, त्या प्रवासासाठी तो महिनाभर बॅग शोधत होता. मला राग आला. भयंकर आला. काच नसती तर मी त्याच्या छातीवर दोन गुद्दे घातले असते, आणि त्यालाच धरून रडले असते. यातलं आधी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही. लबाडी म्हणावी तर त्यानं पहिल्यांदा स्वतःलाच फसवलं होतं. मीही काही कमी नव्हते. लहान बॅग घेतली की माणूस परत येतो, हा शोध माझाच.

"स्वेटर काढून द्या," मी म्हटलं.

"अवं, तिथी लई थंडी पडते म्हणते."

"थंडी पडाच्या आधी येजा, घेऊन जाजा."

"सुट्टी नाई ना."

"मंग कुडकुडा."

तो दारापर्यंत आला. दारावरच्या जवानाशी काहीतरी बोलला, स्वेटर काढून त्याच्या हातात दिलं. जवानानं ते झटकून पाहिलं. बाहीतून धानाचे दोन-चार दाणे फरशीवर पडले. त्यानं आधी दाण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि स्वेटर माझ्या हातात दिलं. ते ओलं होतं. नवरा दाराच्या आत उभा होता, पट्टे काखेत रुतलेले. म्हणाला, "गाडी तुह्या बहिणीकडे नको ठेवू. घरीच ने. हळू चालवजो." मी किल्ली मुठीत धरून होते. तो आत वळला आणि माणसांत दिसेनासा झाला.

गाडी मी चालवते, पण मूलच्या पुढे कधी एकटी नेलेली नाही. त्या दिवशी नेली. उमरेडच्या पुढे पावसानं गाठलं. आधी ठरवलं होतं की ते स्वेटर अंगाला लावायचं नाही. भिवापूरला चहाच्या टपरीशी दातावर दात वाजायला लागले, तेव्हा रेनकोटच्या आतून घातलं. त्याला घामाचा आणि डांबरगोळ्यांचा वास होता. आपण बरोबर केलं का, हे मी चहा पीत स्वतःला विचारत होते. थंडीत माणसाचं स्वेटर काढून घेणारी बायको कोणी पाहिली आहे का? आणि ते देऊन टाकलं असतं तर? तर येऊ नका, असंच तोंडानं सांगितल्यासारखं झालं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

नागभीड सोडल्यावर एका फाट्यावर एका बाईनं हात दाखवला. रोवणीला जाऊन आलेली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. मी थांबले. ती बसली, बसल्या बसल्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाई, एवढ्या पान्यात एकटीच कुठी गेली होती?"

"नवऱ्याले सोडाले. विमानानं गेला."

"मंग येईन कधी?"

मी म्हटलं, "पाहू." सिंदेवाहीपर्यंत तिचा हात माझ्या पाठीवर होता आणि मला त्या हाताचा आधार वाटला, हे खरं सांगते.

घरी पोचले तेव्हा उजेड होता. मामाजी ओसरीवर होते. गाडीचा आवाज ऐकून उभे राहिले. गाडी परत आलेली त्यांनी पाहिली. ती नागपुरात राहणार होती, हे त्यांना माहीत होतं. मी रेनकोट काढला. आत त्यांच्या मुलाचं स्वेटर, माझ्या अंगात, जुलै महिन्यात. तेही त्यांनी पाहिलं. मला वाटलं आता विचारतील.

त्यांनी एवढंच विचारलं, "बसली का बॅग?"

"बसली मामाजी," मी म्हटलं. "शीग तेवढी काढा लागली."